‘मदर इंडिया’च्या ३२ वर्षं आधी कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर

नारायणगाव : ‘मदर इंडिया’तला सावकार सुखीलाला गावोगाव माहीत आहे. हा सिनेमा १९५७ चा. पण कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी त्याच्या ३२ वर्षं आधी पडद्यावर आला होता, तोही आपल्या कोल्हापुरातून. आणणारे होते बाबूराव पेंटर.

३ जून १८९० ला जन्मलेले बाबूराव मूळचे मिस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून नाव पडलं पेंटर. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कॅमेराच बनवला. १९२० च्या ‘सैरंध्री’वर खूश होऊन लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ पदवी दिली.

देवादिकांचे, शिवकाळाचे सिनेमे चालत होते. तेच काढत बसले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण १९२५ ला त्यांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गाव सोडून गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्यात १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले होते, म्हणजे गोष्ट काही हवेतली नव्हती. तरी सिनेमा चालला नाही. लोकांना पडद्यावर राजे बघायचे होते, कर्ज तर घरी होतंच! बाबूरावांनी विषय सोडला नाही. १९३६ ला तोच सिनेमा बोलपट करून पुन्हा आणला.

१६ जानेवारी १९५४ ला ते गेले. आदल्याच वर्षी हिंदीत ‘दो बीघा जमीन’ आला होता. तेच कर्ज, तीच जमीन, तीच शहराची वाट.