नगराची नाडी पाहणारा प्राध्यापक

शहराचे आरोग्य सुधारावयाचे ठरले की रस्ते रुंद करणे, वस्ती पाडणे, गटारे बांधणे असे ठराव होतात आणि त्यांवर लक्षावधी रुपये खर्ची पडतात. मात्र त्या वस्तीत कोण राहते, पाणी कोठून आणते आणि कशाने आजारी पडते, याची नोंद ठरावाच्या कागदांत क्वचितच आढळते. रोग्याची नाडी न पाहताच औषध देण्याचा हा प्रकार होय. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भारतातील गल्लीबोळ पायी तुडवून हा क्रम उलटा आहे असे बजावणारा एक स्कॉटिश प्राध्यापक होऊन गेला. त्यांचे नाव सर पॅट्रिक गेडीस.

२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे जन्मलेले गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, थॉमस हक्सलीचे विद्यार्थी. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे जवळजवळ अशक्य झाले. तेव्हा प्राणी आणि परिसर यांच्या संबंधाकडून त्यांचे लक्ष माणूस आणि नगर यांच्या संबंधाकडे वळले. १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर लवकरच हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील एका गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी घरे दुरुस्त केली, भिंतींना चुना दिला, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. १८८८ पासून गेडीस डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, परंतु त्यांची खरी प्रयोगशाळा ही वस्तीच होती.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले, तरी नवी सामग्री जमवून त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविलेच. त्यानंतर अनेक नगरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सुधार मंडळ स्थापन झाले होते, आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे ही आरोग्याची राजमान्य रीत ठरली होती. गेडीस यांचा आक्षेप मूलतः आर्थिक होता. पाडलेल्या घरातील गरीब माणूस नाहीसा होत नाही; तो शेजारच्या वस्तीत जाऊन तेथली गर्दी आणि भाडे वाढवितो. नकाशावर एक रोग बरा झालेला दिसतो, प्रत्यक्षात त्याने केवळ जागा बदललेली असते. म्हणून अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी लहान चौक करावेत, झाडे लावावीत आणि उरलेली घरे दुरुस्त करावीत, असा त्यांचा इलाज होता. हिवतापाच्या भीतीने जुनी तळी बुजविण्याऐवजी ती स्वच्छ करून त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, असे ते सुचवीत. तळे वातावरण थंड राखते, पुराचे पाणी सामावून घेते, हा हिशेबही ते मांडीत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी अत्यंत क्रूर ठरले. थोरला मुलगा अ‍ॅलस्डेअर युद्धात मारला गेला. ती वार्ता आजारी पत्नीपासून लपविणे भाग पडले. पुढे थोड्याच आठवड्यांत कलकत्त्यास अ‍ॅनाही गेल्या. त्याच वर्षी गेडीस होळकरांच्या इंदुरात प्लेगाशी झुंजत होते. दरबाराच्या संमतीने दिवाळीची मिरवणूक त्यांच्या हाती आली. ज्या भागातील रहिवासी घरे आणि रस्ते अधिक स्वच्छ करतील त्या भागातून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले आणि गल्लीगल्लीत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत फुलांच्या माळा घातलेले सफाई कामगार मानाने चालले. घाणीच्या राक्षसाचे आणि प्लेगाच्या उंदराचे सोंगही होते. दंडाच्या धाकाने जे साधत नव्हते ते मानाच्या ओढीने साधले. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ साली प्रकृतीमुळे त्यांनी भारत सोडला, आणि १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. त्यांचे लेखन क्लिष्ट होते, आणि कित्येक अहवाल दप्तरातच राहिले. इंदुरात त्यांना मिळालेला अधिकार दरबाराने दिलेला होता, नागरिकांनी नव्हे. ती उणीव भरून काढण्याचे साधन पुढे उपलब्ध झाले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणरक्षण हे विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत मोडतात. महाराष्ट्रातील महापालिका पर्यावरण सद्यःस्थिती अहवालही काढतात. परंतु केवळ कचेरीत आकडे जुळवून सिद्ध झालेला अहवाल म्हणजे नाडी न पाहता लिहिलेला रोगनिदानाचा कागद. वॉर्डातील शिक्षक, विद्यार्थी आणि सफाई कामगार पाहणीत सहभागी झाले, आणि अंदाजपत्रकापूर्वी तिचे निष्कर्ष सभागृहापुढे आले, तरच त्या कागदाला अर्थ येईल. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. पायी हिंडण्याची तयारी मात्र लागते.