आकाश स्वस्त करणारा मक्तेदार

विमानाचा शोध कोणी लावला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु विमानाला गिऱ्हाईक कोणी मिळवून दिले, हा प्रश्न विचारला तर भल्याभल्यांना उत्तर सुचत नाही. यंत्र जन्माला येणे ही एक गोष्ट आणि त्या यंत्राचा खर्च समाजाला पेलेल इतका खाली येणे ही दुसरी. पहिलीचे श्रेय शास्त्रज्ञांना व कारागिरांना मिळते. दुसरीचे श्रेय बहुधा कोणालाच मिळत नाही. सागरपार विमानप्रवासाच्या बाबतीत या दुसऱ्या कामाचा मोठा वाटा ज्या एका माणसाने उचलला, त्याचे नाव हुआन ट्रिप. ‘पॅन अमेरिकन’ या एकेकाळी जगातील सर्वांत नामांकित विमान कंपनीचे ते संस्थापक-सूत्रधार.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील मक्तेदार उत्पादन आखडते घेतो आणि किंमत चढी ठेवतो. ट्रिप हे वृत्तीने पक्के मक्तेदार होते. आपल्या वाटेवर दुसरा कोणी असू नये यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. तथापि तिकीट स्वस्त व्हावे, हाही त्यांचा तितकाच पक्का ध्यास होता. या दोन टोकांच्या ओढाताणीतून आधुनिक प्रवासी विमान घडले आणि त्याच ओढाताणीत त्यांची कंपनीही पुढे मोडली. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ एका यशस्वी व्यापाऱ्याचे चरित्र राहत नाही.

टपालाच्या पिशवीतून साम्राज्य

ट्रिप यांचा जन्म २७ जून १८९९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. ‘हुआन’ हे स्पॅनिश नाव त्यांना कुटुंबातील एका नातलग स्त्रीच्या नावावरून मिळाले होते. अंगात स्पॅनिश रक्त नव्हते. वडील बँकिंग व्यवसायात असल्याने घरी सुबत्ता होती. येल विद्यापीठात शिकत असतानाच पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी नौदलाच्या वैमानिकाचे शिक्षण घेतले. पण प्रत्यक्ष लढाईवर जाण्याआधीच युद्ध संपले. पदवीनंतर काही काळ त्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराच्या परिसरात नोकरी केली, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही.

१९२३ मध्ये नौदलाने मोडीत काढलेली विमाने विकत घेऊन त्यांनी एक लहानशी कंपनी काढली. त्या विमानांत एकाऐवजी दोन उतारू बसतील असा फेरफार त्यांनी करून घेतला. उड्डाणाचा खर्च जवळजवळ तोच, उत्पन्न मात्र दुप्पट, असा हा सरळ हिशेब होता. ती कंपनी लवकरच बुडाली. पण पुढील पंचेचाळीस वर्षांत ट्रिप यांनी जे जे केले, ते याच हिशेबाचे मोठमोठे अवतार होते.

त्या काळी केवळ उतारूंच्या पैशावर विमान कंपनी चालणे अशक्यच होते. खरे उत्पन्न सरकारी टपालाचे. १९२५ च्या कायद्याने अमेरिकेत टपाल वाहतुकीची कंत्राटे खाजगी कंपन्यांना देण्यास प्रारंभ झाला आणि येलमधील धनिक मित्रांचे भांडवल गोळा करून ट्रिप या धंद्यात पुन्हा उतरले. १९२७ मध्ये फ्लोरिडाच्या टोकाकडील की वेस्ट ते क्यूबाची राजधानी हवाना या सुमारे नव्वद मैलांच्या मार्गाचे कंत्राट ‘पॅन अमेरिकन’ या नव्या कंपनीकडे होते. तर हवानात विमान उतरविण्याचा परवाना ट्रिप यांनी क्यूबाच्या अध्यक्षांकडून आधीच मिळवून ठेवला होता. परवान्यावाचून कंत्राट व्यर्थ होते. साहजिकच दोन्ही गट एकत्र आले आणि सूत्रे ट्रिप यांच्या हाती गेली. १९ ऑक्टोबर १९२७ या ठरल्या मुदतीच्या दिवशी कंपनीचे स्वतःचे विमान तयार नव्हते, म्हणून पाण्यावर उतरणारे एक छोटे विमान भाड्याने घेऊन टपालाच्या पिशव्या हवानाला पोचविण्यात आल्या.

पुढच्याच वर्षी परदेशी टपालासाठी मैलामागे दोन डॉलरपर्यंत मोबदला देणारा कायदा अमेरिकेत झाला. लॅटिन अमेरिकेचे जवळजवळ सारे मार्ग पॅन अमेरिकनच्या पदरात पडले आणि तेही बहुधा कमाल दराने. साहसी खाजगी उद्योगाचे उदाहरण म्हणून ज्या कंपनीचा पुढे गौरव झाला, तिचा पाया असा सार्वजनिक तिजोरीतील पैशावर घातला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

विमान घडवून घेणारा गिऱ्हाईक

इतर कंपन्या कारखान्यात तयार असेल ते विमान घेत. ट्रिप आधी मार्ग ठरवीत आणि मग त्या मार्गाला पुरे पडेल असे विमान कारखानदारांकडून घडवून घेत. अटलांटिक एकट्याने ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग त्यांचे तांत्रिक सल्लागार होते. सिकोर्स्की, मार्टिन, बोइंग या कारखान्यांकडून पाण्यावर उतरणारी अधिकाधिक मोठी विमाने त्यांनी बांधून घेतली आणि जुन्या शिडाच्या वेगवान जहाजांवरून त्यांना ‘क्लिपर’ हे नाव दिले.

प्रशांत महासागर हे त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हा पहिलाच टप्पा सुमारे चोवीसशे मैलांचा. पुढे मिडवे, वेक, ग्वाम अशा बेटांच्या आधाराने फिलिपाईन्सपर्यंत पोचायचे होते. यांपैकी वेक हे तर निर्मनुष्य प्रवाळबेट. तेथे जहाजाने सामान नेऊन, पाण्यातील प्रवाळ सुरुंगाने फोडून, विमाने उतरण्यासाठी जागा करण्यात आली. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी ‘चायना क्लिपर’ने लाखाहून अधिक पत्रे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून उड्डाण केले आणि आठवडाभरात मनिला गाठले. पुढच्या वर्षी त्या मार्गावर उतारू जाऊ लागले. भाडे एका बाजूचे ७९९ डॉलर. म्हणजे सामान्य अमेरिकन कामगाराची कित्येक महिन्यांची कमाई.

‘चायना क्लिपर’च्या जातीची विमाने मार्टिन कंपनीने तीनच बांधली. अधिक मोठ्या विमानाची पुढची मागणी ट्रिप यांनी बोइंगकडे नेली. गिऱ्हाइकाचा ध्यास कारखानदाराला किती महाग पडू शकतो, याची ही पहिली चुणूक होती.

सहकाऱ्यांनाही हा ध्यास पेलत नसे. मोठमोठे करार ट्रिप एकट्याने करीत आणि संचालक मंडळाला मागाहून कळवीत. १९३९ मध्ये अटलांटिकची प्रवासी सेवा सुरू होण्याच्या तोंडावर मंडळाने त्यांच्याकडील मुख्य सूत्रे काढून त्यांचेच मित्र व्हिटनी यांच्याकडे सोपविली. परंतु कंपनीचा कारभार ट्रिप यांच्या डोक्यात साठविलेला होता. वर्षभराच्या आतच त्यांना पुन्हा पाचारण करावे लागले.

मक्तेदारी हुकली, स्वस्ताई आली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या साऱ्या परदेशी विमानवाहतुकीसाठी एकच कंपनी असावी आणि ती अर्थातच आपली असावी, असा ट्रिप यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपले सारे वजन खर्ची घातले. पण अमेरिकन सरकारने १९४५ मध्येच अटलांटिकवर इतर कंपन्यांना वाट मोकळी केली होती आणि एकाच कंपनीला मान्यता देणारे विधेयक कधीच संमत झाले नाही. उलट, देशांतर्गत मार्ग मात्र पॅन अमेरिकनला सरकार देईना. म्हणजे बाहेर प्रतिस्पर्धी आले आणि घरचे अंगण बंदच राहिले. या दुखण्याचा परिणाम पुढे तीस वर्षांनी दिसायचा होता.

जून १९४७ मध्ये कंपनीने जगप्रदक्षिणेची नियमित सेवा सुरू केली. तिच्या वाटेवर कराची व कलकत्ता ही शहरेही होती. याच काळात ट्रिप यांनी आपले लक्ष भाड्याकडे वळविले. श्रीमंतांची संख्या मोजकी असते. विमाने मोठी होत जाणार असतील तर मध्यमवर्गाला आत घेतल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते. १९४५ मध्येच अटलांटिकचे भाडे एकदम खाली आणण्याची घोषणा त्यांनी केली, तेव्हा ब्रिटनने कडाडून विरोध केला. कारण उघड होते: सरकारी मालकीच्या युरोपीय कंपन्यांना ती स्पर्धा झेपणारी नव्हती. अखेर १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्त दराचा ‘टूरिस्ट’ वर्ग सर्वमान्य झाला.

त्यापुढचा टप्पा जेटचा. ब्रिटनचे ‘कॉमेट’ हे पहिले प्रवासी जेट विमान १९५४ मधील दोन भीषण अपघातांनंतर सेवेतून काढून घ्यावे लागले होते. कारखानदार बिचकत होते. बोइंगने स्वतःच्या खर्चाने एक नमुना बांधला होता. परंतु ट्रिप यांना मध्ये न थांबता अटलांटिक ओलांडणारे, अधिक शक्तिमान इंजिनांचे विमान हवे होते. त्यांनी इंजिन बनविणाऱ्या कंपनीला राजी केले, डग्लस कारखान्याला पुढे केले आणि बोइंगला आपला नमुना मोठा करण्यावाचून पर्याय ठेवला नाही. १३ ऑक्टोबर १९५५ रोजी वीस बोइंग ७०७ आणि पंचवीस डग्लस डीसी-८ अशी सुमारे २६ कोटी ९० लाख डॉलरची मागणी जाहीर झाली, तेव्हा जगातील इतर कंपन्यांची पंख्याची विमाने एका रात्रीत जुनी ठरली. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन अमेरिकनचे ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाले. आपल्या एअर इंडियानेही १९६० मध्ये तेच विमान घेतले.

शेवटचा डाव

मागणी वाढत होती, विमानतळ गजबजत होते. ट्रिप यांनी बोइंगचे प्रमुख विल्यम ॲलन यांच्याशी बोलणी करून अडीचपट मोठ्या विमानाचा घाट घातला. १३ एप्रिल १९६६ रोजी पंचवीस ‘७४७’ विमानांची सुमारे ५२ कोटी ५० लाख डॉलरची मागणी नोंदविली गेली, तेव्हा ते विमान केवळ कागदावर होते. ते बांधण्यासाठी लागणारा कारखानाही अस्तित्वात नव्हता. ध्वनीपेक्षा वेगवान विमाने लवकरच उतारूंना पळवतील, मग हे विमान मालवाहतुकीला उपयोगी पडावे, अशी त्या काळची समजूत होती. वैमानिकांची खोली वर चढवून नाकाडाचा भाग मालासाठी उघडता यावा ही रचना त्यातूनच आली.

मे १९६८ मध्ये ट्रिप निवृत्त झाले. २२ जानेवारी १९७० रोजी पहिले ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला गेले, ते इंजिन तापल्यामुळे कित्येक तास उशिराने. दरम्यान अमेरिकेत मंदी आली होती. साडेतीनशेच्या घरातील आसनसंख्येमुळे दर आसनामागचा खर्च घटतो हे खरे. पण ती आसने भरली तरच. रिकाम्या खुर्चीवरही कर्जाचे व्याज चढत राहते. बोइंग दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली आणि सिॲटल परिसरातील तिच्या निम्म्याहून अधिक कामगारांना घरी बसावे लागले. १९७३ च्या तेलसंकटाने पॅन अमेरिकनचे कंबरडे मोडले. १९७८ मध्ये अमेरिकेतील विमानवाहतूक नियंत्रणमुक्त झाली, तेव्हा देशांतर्गत मार्गांचे जाळे असलेल्या कंपन्या आपले उतारू थेट परदेशी नेऊ लागल्या. पॅन अमेरिकनजवळ असे जाळेच नव्हते. ते मिळविण्यासाठी १९८० मध्ये तिने एक कंपनी भरमसाट किमतीला विकत घेतली आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील आपली गगनचुंबी इमारत विकायला काढली.

३ एप्रिल १९८१ रोजी ट्रिप यांचे निधन झाले. पुढचे अध्याय त्यांना पाहावे लागले नाहीत. १९८५ मध्ये, ज्यासाठी प्रवाळ फोडले होते ते प्रशांत महासागराचे मार्ग विकण्याचा करार झाला. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन अमेरिकनच्या विमानाचे कराचीत अपहरण झाले आणि उतारूंना वाचविताना मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत यांना प्राण गमवावे लागले. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबी येथील घातपातात २७० माणसे मेली. ४ डिसेंबर १९९१ रोजी कंपनी कायमची बंद पडली.

नफ्यातोट्याच्या ताळेबंदावरून निवाडा करायचा तर ट्रिप यांचा शेवटचा डाव फसला, असेच म्हणावे लागेल. पण समाजाचा ताळेबंद निराळा असतो. ७४७ जातीची १५७४ विमाने बांधली गेली. त्यांतले शेवटचे २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या हाती पडले. एअर इंडियाने ते विमान १९७१ मध्ये आणले आणि त्यानंतरच्या काळात ज्या मराठी तरुणांनी सांताक्रूझहून अमेरिकेची वाट धरली, त्यांच्यातील अनेकांच्या तिकिटाच्या हिशेबात ट्रिप यांच्या त्या कराराचा अदृश्य हिस्सा होता. सागरी प्रवासाचे आठवडे तासांवर आले आणि शिक्षकाच्या मुलालाही परदेश आवाक्यात वाटू लागला.

मात्र ही स्वस्ताई फुकट आली नाही. तिची किंमत प्रथम करदात्याने टपालाच्या दरातून मोजली, मग बोइंगच्या कामगारांनी बेकारीतून आणि अखेर पॅन अमेरिकनच्या भागधारकांनी व हजारो नोकरदारांनी मोजली. लाभ जगभर पांगला. तोटा मोजक्यांच्या वाट्याला आला. प्रगतीचे गोडवे गाताना तिचे बिल कोणाच्या नावावर फाटले, हे पाहण्याची सवय आपल्याला नाही. हुआन ट्रिप यांचे चरित्र ती सवय लावते, हेच त्याचे आजचे महत्त्व होय.