गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (इ.स. १५५६ किंवा १५५७, वसई – ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी) हे वसई येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन संघाचे बंधू, दुभाषे आणि रोमन कॅथलिक पंथाचे संत होते. जपानमध्ये क्रुसावर मृत्युदंड दिलेल्या २६ रक्तसाक्ष्यांपैकी ते एक होत. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून त्यांचा सामान्यतः उल्लेख होतो. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात त्यांच्या नावाचे चर्च व महाविद्यालय असून, गोन्सालो या नावापासून बनलेले गोन्साल्विस हे आडनाव तेथील ख्रिस्ती समाजात मोठ्या प्रमाणावर आढळते.

नाव आणि व्युत्पत्ती

गोन्सालो हे आयबेरियन द्वीपकल्पातील, म्हणजे आजच्या स्पेन व पोर्तुगालमधील, प्राचीन पुरुषनाम आहे. मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत ते गुंदिसाल्वुस असे लिहिलेले आढळते. व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांचे त्या प्रदेशावर राज्य होते, त्या काळाशी या नावाचे मूळ जोडले जाते. नावाचा पहिला घटक युद्ध या अर्थाच्या जर्मानिक शब्दापासून आला आहे. दुसऱ्या घटकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी त्याचा संबंध सुरक्षित या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी लावला आहे. त्यामुळे या नावाचा युद्धातून सुखरूप राहिलेला असा अर्थ काही ठिकाणी दिला जातो, परंतु तो सर्वमान्य नाही.

जुन्या पोर्तुगीज व स्पॅनिश प्रथेनुसार पित्याच्या नावाला प्रत्यय जोडून मुलाचे उपनाम तयार होत असे. दहाव्या शतकातील कॅस्टिलचे सरदार फेर्नान गोन्सालेस यांचे उपनाम त्यांच्या पित्याच्या गोन्सालो या नावावरून आले होते. या नावापासून स्पॅनिशमध्ये गोन्सालेस आणि पोर्तुगीजमध्ये गोन्साल्विस ही आडनावे झाली. रॉड्रिगोपासून रॉड्रिग्ज, फर्नांडोपासून फर्नांडिस आणि लोपोपासून लोपीस ही आडनावेही याच रीतीने बनली आहेत. मराठी माणूस स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव लावतो, त्याच्याशी या प्रथेचे साम्य आहे. मात्र पोर्तुगीज प्रथेत पित्याचे नाव कालांतराने गोठून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव झाले.

पोर्तुगालमध्ये या नावाला धार्मिक प्रतिष्ठा मिळाली ती तेराव्या शतकातील आमारांते येथील धर्मगुरू गोन्सालो यांच्यामुळे. १५६१ मध्ये पोपने त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या वेळी वसईचे गोन्सालो बाल्यावस्थेत होते. गार्सिया हेही आयबेरियन द्वीपकल्पातील जुने नाव असून त्याचे मूळ बहुधा बास्क भाषेत असावे, असे मानले जाते.

जन्म आणि शिक्षण

१५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढे दोन शतके ते पोर्तुगिजांचे उत्तर कोकणातील प्रमुख ठाणे राहिले. किल्ल्यात पोर्तुगीज अधिकारी, व्यापारी व धर्मसंघ यांची वस्ती झाली आणि आसपासच्या गावांत धर्मांतरे झाली. अशा वसईत गोन्सालो यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते आणि आई वसईची स्थानिक स्त्री होती. त्यांचे नाव व उपनाम दोन्ही पित्याच्या परंपरेतील होते. मातृकुळाची खूण त्यांत नव्हती.

किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. परंपरेनुसार त्यांचे गुरू सेबास्तियांव गोन्साल्विस हे होते, म्हणजे शिष्याचे नाव आणि गुरूचे आडनाव एकाच मूळ नावातून आलेले होते. १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, गोन्सालो येशूसंघीयांसमवेत जपानला गेले, असे ही परंपरा सांगते.

जपानमधील पहिला कालखंड

जपानमध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारास आरंभ केला होता. गोन्सालो तेथे पोहोचले तेव्हा क्यूशू बेटावर ख्रिस्ती समाज वाढत होता. जपानी भाषा अवघड असल्याने युरोपीय धर्मगुरूंना स्थानिक लोकांशी बोलण्यासाठी सहायकांची गरज भासे. गोन्सालो यांनी ती भाषा लवकर आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. भारतात जन्मलेल्या मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घेण्यास त्या काळी संघाचे वरिष्ठ अनुकूल नव्हते. पोर्तुगीज नाव आणि दीर्घ सेवा असूनही गोन्सालो यांना संघाचे दार उघडले नाही. अखेरीस ते जपान सोडून आलाकाओ येथे गेले.

व्यापार आणि फ्रान्सिस्कन संघात प्रवेश

आलाकाओ येथे त्यांनी व्यापार सुरू केला. तो भरभराटीस आला. व्यापारानिमित्त त्यांचे आग्नेय आशियातील बंदरांत, विशेषतः फिलिपिन्समधील मनिला येथे, येणे-जाणे होऊ लागले. मनिला त्या वेळी स्पेनच्या ताब्यात होते. तेथे फ्रान्सिस्कन बंधू हुआन पोब्रे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १५८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोन्सालो यांनी व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. तेथे त्यांना धर्मगुरूचे पद नव्हे, तर सेवाकार्य करणाऱ्या सामान्य बंधूचे स्थान मिळाले. मृत्यूपर्यंत ते बंधूच राहिले.

दूतमंडळातील दुभाषा

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, परंतु त्याची कठोर अंमलबजावणी झाली नव्हती. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि फिलिपिन्सनेही आपले स्वामित्व मान्य करावे अशी मागणी केली. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने त्याच्याशी वाटाघाटी करण्यासाठी १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली दूतमंडळ पाठविले. जपानी भाषा व चालीरीती जाणणारे गोन्सालो या मंडळात दुभाषे होते. हिदेयोशीच्या दरबारात दूतांचे म्हणणे त्यांच्याच मुखातून मांडले गेले.

हिदेयोशीने दूतांना क्योतो येथे राहण्याची अनुमती दिली. फ्रान्सिस्कनांनी तेथे मठ व चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. येशूसंघीयांना मात्र त्यांचे येणे रुचले नाही. १५८५ च्या पोपच्या आज्ञेनुसार जपानमधील धर्मकार्य केवळ येशूसंघाकडे राहणार होते. शिवाय येशूसंघ पोर्तुगालच्या, तर फ्रान्सिस्कन स्पेनच्या आश्रयाने काम करीत. येशूसंघीय कायदा मोडू नये म्हणून सावधपणे वागत, तर फ्रान्सिस्कन उघडपणे प्रचार करीत. गोन्सालो यांचे तारुण्य ज्या संघाच्या सेवेत गेले, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या संघाचे ते आता प्रवक्ते होते.

अटक आणि मृत्युदंड

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावर फुटले. जपानी अधिकाऱ्यांनी त्यावरील मौल्यवान माल जप्त केला. या वादात धर्मप्रचारक हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत आहेत असा संशय बळावला. हिदेयोशीने क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन आणि त्यांचे जपानी सहकारी यांना मृत्युदंडाची आज्ञा दिली.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली आणि त्यांची शहरातून धिंड काढण्यात आली. नंतर हिवाळ्यात सुमारे महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. मूळ २४ बंदिवानांत वाटेत आणखी दोघांची भर पडली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी गृहस्थाश्रमी ख्रिस्ती होते. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. येशूसंघीयांत पॉल मिकी, तर फ्रान्सिस्कनांत मेक्सिकोचे फेलिपे दे जेसुस यांचा समावेश होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांना बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. गोन्सालो यांचे वय त्या वेळी सुमारे चाळीस वर्षांचे होते. आयुष्यभर परस्परविरोधी राहिलेल्या दोन्ही संघांचे सदस्य त्या टेकडीवर एकाच रांगेत होते.

संतपद

पोप आठवे अर्बन यांच्या कारकिर्दीत १६२७ मध्ये या रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. पुढे जपानने ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी घालून परदेशी लोकांना दारे जवळपास बंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती पुन्हा उघडल्यानंतर, ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी २६ जणांना संतपद दिले. त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. स्मारकावरील २६ कांस्यमूर्तींत गोन्सालो यांची मूर्ती आहे.

गोन्सालो यांना पहिले भारतीय संत म्हणावे काय, याविषयी मतभिन्नता आढळते. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना १२ ऑक्टोबर २००८ रोजी संतपद मिळाले, तेव्हा काही वृत्तांतांत त्यांना पहिल्या भारतीय संत म्हटले गेले, तर काहींत गोन्सालो यांच्यानंतरच्या दुसऱ्या संत व पहिल्या भारतीय महिला संत म्हटले गेले. गोन्सालो यांचे पितृकुळ पोर्तुगीज असणे हे या मतभेदाचे कारण आहे. त्यांची जन्मभूमी आणि त्यांची आई वसईची होती, ही बाब दुसऱ्या मताचा आधार आहे. येशूसंघाच्या दारात ज्या मिश्र वंशामुळे ते भारतीय ठरले, त्याच मिश्र वंशामुळे पुढे त्यांचे भारतीयत्व वादाचा विषय झाले.

वसईतील स्मृती आणि नावाचा प्रसार

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता संपली. किल्ल्यातील चर्च ओसाड पडली. स्थानिक ख्रिस्ती समाज मात्र गावोगावी टिकून राहिला. किल्ल्यातील येशूसंघीयांचे जुने चर्च आज गोन्सालो गार्सिया चर्च या नावाने ओळखले जाते आणि संतांच्या सणानिमित्त भाविक तेथे जमतात. गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय यांनाही त्यांचे नाव आहे. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला.

स्पेन, पोर्तुगाल व लॅटिन अमेरिकेतील देशांत गोन्सालो हे नाव आजही मुलांना आवडीने ठेवले जाते. वसईत त्याचा प्रसार वेगळ्या प्रकारे झाला. येथे ते पहिल्या नावापेक्षा गोन्साल्विस या आडनावातून अधिक आढळते. ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मगुरू वा धर्मपिता यांच्याकडून आली असे मानले जाते. त्यामुळे आडनाव पोर्तुगीज असले तरी त्यावरून कुळ पोर्तुगीज ठरत नाही. ती धारण करणारी कुटुंबे घरात सामवेदी, वाडवळी यांसारख्या बोली बोलतात आणि मराठीत उपासना करतात. राज्यकर्त्यांबरोबर आलेले हे नाव राज्यकर्ते गेल्यानंतरही वसईत राहिले. जपानी बोलणाऱ्या, स्पॅनिश दूतमंडळात गेलेल्या आणि वसईच्या मातेपोटी जन्मलेल्या एका दुभाष्याच्या स्मृतीमुळे ते तेथील ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे झाले.