चतुर्विध दानाचे धनी : सर जमशेटजी जीजीभाई

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे आपल्या परंपरेत सांगितली आहेत. धर्माने पारशी असलेल्या एका मुंबईकर व्यापाऱ्याने ही चारही दाने आपल्या हयातीत केली. ते थोर पुरुष म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई. जे. जे. रुग्णालयाच्या नावात ते आज दोन अक्षरांपुरते उरले असले, तरी व्यापारातील पैसा समाजाच्या आरोग्यासाठी कसा लावावा आणि तो कसा मिळवावा, या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयास लावणारे त्यांचे चरित्र आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्याचे स्मरण उचित ठरेल.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी झाला. सोळाव्या वर्षी मातापित्यांचे छत्र हरपले आणि ते मुंबईत मामांच्या आश्रयास आले. मामा रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून ते बाटलीवाला म्हणून ओळखले जात. तेथेच जमशेटजींनी हिशेबाचे पहिले धडे घेतले. पुढे त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि त्यांना कैदी म्हणून थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत नेले. मालाचे मोठे नुकसान सोसूनही त्यांनी पुन्हा व्यापार उभा केला. त्यांच्या पेढीत मुंबईचे जैन नगरशेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशाह शेठ, हे भागीदार होते. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा चारही समाजांचे भागीदार असलेली ही पेढी त्या काळी विरळाच म्हणावी लागेल.

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा प्रक्षोभ झाला. त्यानंतर १८३४ मध्ये मूक प्राण्यांसाठी मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या स्थापनेत जमशेटजी आणि जैन व्यापारी खांद्याला खांदा लावून उभे होते. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर लागा भरून अशा संस्था चालविल्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एकरकमी देणगीने इमारत उभी राहते. रोजचा चारा मात्र लाग्यातूनच येतो.

मुंबईतील गोरगरिबांच्या उपचारांची व्यवस्था त्या काळी अत्यंत तोकडी होती. १८३८ साली जमशेटजींनी रुग्णालयासाठी १ लाख रुपये देऊ केले. मात्र कंपनी सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी, अशी अट ठेवली. ही अट कृपणपणाची नव्हती. आरोग्य ही केवळ दात्याची नव्हे तर राज्यकर्त्यांचीही जबाबदारी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली आणि १५ मे १८४५ रोजी रुग्णालय व शेजारचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही एकाच वेळी सुरू झाली. रुग्णाच्या खाटेपाशीच विद्यार्थ्याला शिक्षण मिळू लागले. एतद्देशीयांना वैद्यक शिकविण्याचा मुंबईतील पूर्वीचा प्रयत्न १८३२ मध्ये बंद पडला होता. हा मात्र टिकला. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. औषधदानाला ज्ञानदानाची जोड मिळाली ती अशी.

वृद्ध व निराधारांसाठी जमशेटजींनी धर्मशाळा उभारली आणि तेथे अन्नाची सोय केली. त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी माहीमच्या पुलासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, तेही लोकांकडून टोल घेऊ नये या अटीवर. १८४२ मध्ये जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. हा मान लाभलेले ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले आणि १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जमशेटजींची संपत्ती कापसाइतकीच माळव्याच्या अफूतूनही आली होती. ती अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्याच अफूवरून १८३९ ते १८४२ या काळात युद्ध झाले आणि चीनमधील असंख्य घरे व्यसनाने उद्ध्वस्त झाली. म्हणजे एका किनाऱ्यावर रुग्णालय उभे राहत होते, तर दुसऱ्या किनाऱ्यावर रोग पोहोचत होता. या व्यापारात जमशेटजी एकटे नव्हते. त्यात जैन पेढ्याही होत्या. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख असूनही हे घडले, याची नोंद आपण प्रामाणिकपणे घेतली पाहिजे.

व्यापारी मनुष्य ताळेबंद वाचतो तेव्हा दोन्ही बाजू वाचतो. दानाची बाजू कितीही भरलेली असली, तरी तिने मिळकतीची बाजू पुसली जात नाही. त्याचप्रमाणे मिळकतीतील दोषामुळे रुग्णालयात बऱ्या झालेल्या रुग्णाचे समाधानही खोटे ठरत नाही. दोन्ही खाती स्वतंत्र आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

आज आरोग्य शिबिरे, पोषण आहाराची माहिती आणि अन्नछत्रे यांसाठी स्थानिक व्यापारी मदत देतात, ही आनंदाची बाब आहे. परंतु गुटखा विकून मिळालेल्या पैशाने मुखाच्या कर्करोगाचे शिबिर भरवावे काय, हा प्रश्न संस्थांनी देणगी स्वीकारण्यापूर्वी आणि दात्यांनी ती देण्यापूर्वी विचारला पाहिजे. जमशेटजींचे औदार्य, दूरदृष्टी आणि अटी घालण्याचे शहाणपण आपण अवश्य घ्यावे. आणि न्यायाने मिळविलेल्या धनाचेच दान करण्याचा संकल्प त्यांच्या चरित्रातील उणिवेवरून करावा. हीच त्या दानशूर पुरुषास खरी आदरांजली ठरेल.