कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत; १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम सी आणि नीरेतील पोषणद्रव्ये हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत.

शिक्षण

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथे झाला. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. साहजिकच १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी याच संस्थेकडे अर्ज केला. तो केवळ त्या स्त्री आहेत म्हणून फेटाळला गेला. संस्थेचे संचालक तेव्हा सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष परीक्षाधीन आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा अपमानास्पद अटींवर. हा अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. वर्षभरातील त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला.

तेथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले.

केंब्रिज

१९३७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. (स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व हे विद्यापीठही तेव्हा देत नव्हते, ते १९४८ मध्ये मिळाले.) फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम सी आढळले. या प्रथिनातील लोहाचा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो; पेशीचे श्वसन या देवघेवीवर चालते. हे प्रथिन वनस्पतींच्या श्वसनातही भाग घेते, असे त्यांनी मांडले. अवघ्या सुमारे चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

नीरा

दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे काम केल्यावर, १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा न आंबलेला रस. ऊन चढले की ती आंबून ताडी होते. नीरेत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असून, कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिचा लाभ होतो, हे या अभ्यासातून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

क जीवनसत्त्व हे प्रतिऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ते स्वतःचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकते. त्या काळी ते मोजण्यासाठी इंडोफिनॉल या रंगद्रव्याचा रंग जाईपर्यंत थेंब मोजण्याची पद्धत रूढ होती. आज सोन्याचे अब्जांश कण, ग्राफीन किंवा कार्बन नलिका यांचा लेप दिलेल्या विद्युतअग्रावर हेच इलेक्ट्रॉन प्रवाहाच्या रूपाने मोजता येतात. साध्या विद्युतअग्रावर रसातील इतर द्रव्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. लेपामुळे ते बऱ्याच अंशी वेगळे होतात.

उत्तरायुष्य

विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना हक्काचे असूनही काही वर्षे डावलले गेले. पुढे ते मिळाले. निवृत्तीनंतर त्या भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात रमल्या, १९८२–८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.