हॉवर्ड ॲशमन
हॉवर्ड ॲशमन (१७ मे, १९५० – १४ मार्च, १९९१) हे अमेरिकन गीतकार, नाटककार, दिग्दर्शक आणि चित्रपट-निर्माते होते. डिस्ने स्टुडिओच्या 'द लिटल मरमेड', 'ब्यूटी अँड द बीस्ट' व 'अलादीन' या ॲनिमेशनपटांच्या गीतांसाठी ते ओळखले जातात. 'ब्यूटी अँड द बीस्ट' त्यांच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी प्रदर्शित झाला. त्याच्या श्रेयनामावलीत गीतकाराबरोबरच कार्यकारी निर्माता म्हणूनही त्यांचे नाव आहे.

पूर्वायुष्य आणि रंगभूमी
ॲशमन यांचा जन्म मेरिलँड राज्यातील बाल्टिमोर येथे झाला. इंडियाना विद्यापीठातून १९७४ साली पदव्युत्तर पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि डब्ल्यूपीए थिएटर या लहानशा नाट्यगृहाचे कलासंचालक झाले. याच काळात संगीतकार ॲलन मेंकन यांच्याशी त्यांची जोडी जमली. माणसे खाणाऱ्या झाडाची कथा सांगणारे 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९८२) हे विनोदी संगीत नाटक दोन हजारांहून अधिक प्रयोग चालले. त्याची संहिता, गीते आणि दिग्दर्शन ही तिन्ही अंगे ॲशमन यांनी सांभाळली होती. १९८६ साली ब्रॉडवेवर आलेले 'स्माइल' मात्र ४८ प्रयोगांत बंद पडले.

डिस्नेमधील कार्य
'द लिटल मरमेड' (१९८९) या चित्रपटाचे ॲशमन हे जॉन मस्कर यांच्यासह निर्माते होते. गाणे हे कथेतील विसाव्याचे ठिकाण नसून कथा पुढे नेणारे साधन आहे, ही रंगभूमीवरील शिस्त त्यांनी ॲनिमेशनमध्ये आणली. खेकड्याचे पात्र कॅरिबियन ढंगाचे असावे ही कल्पना त्यांचीच. नायिकेचे मनोगत सांगणारे गाणे लहान मुलांना कंटाळवाणे वाटेल या भीतीने वगळण्याचे घाटत होते, तेव्हा त्यांनी ते हट्टाने राखले. मार्च १९९० मध्ये या चित्रपटातील 'अंडर द सी' या गीतासाठी त्यांना व मेंकन यांना ऑस्कर मिळाले. आपल्याला एड्स झाल्याचे ॲशमन यांनी मेंकन यांना सांगितले ते त्यानंतरच.

'ब्यूटी अँड द बीस्ट'ची पहिली आवृत्ती गीतविरहित होती. ती स्टुडिओने मोडीत काढली आणि चित्रपट संगीतमय करण्यासाठी ॲशमन यांना बोलावले. त्यांना प्रवास झेपत नसल्याने कॅलिफोर्नियातील चमू न्यूयॉर्क राज्यातील फिशकिल येथे, त्यांच्या घराजवळच्या एका हॉटेलात येऊन काम करू लागला. शापित वाड्यातील भांडी, दिवा व घड्याळ यांना स्वतंत्र स्वभाव देणे आणि कथेचा भार राक्षसरूपी नायकावरही टाकणे, हे निर्णय त्यांच्या प्रभावातून झाले. एखाद्या गीतकाराच्या कामाची ही व्याप्ती नव्हे. मृत्यूच्या काही दिवस आधी चित्रपटाचा अपूर्ण भाग पत्रकारांना दाखवण्यात आला आणि त्याचे उत्तम स्वागत झाले. निर्माते डॉन हान यांनी ही वार्ता त्यांना रुग्णशय्येपाशी जाऊन सांगितली. वयाच्या ४०व्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर श्रेय
दिवंगत व्यक्तीला निर्मितीचे श्रेय मिळण्याची कारणे एकसारखी नसतात. सॅम झिंबालिस्ट हे 'बेन-हर'चे चित्रीकरण सुरू असताना १९५८ साली रोममध्ये वारले. ते त्या चित्रपटाचे प्रत्यक्ष निर्माते होते आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्यांच्याच नावे दिले गेले. सॅम सायमन यांनी १९९३ साली 'द सिम्पसन्स' मालिका सोडली, परंतु करारानुसार कार्यकारी निर्माता हे पद राखले. २०१५ मधील त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांचे नाव मालिकेत झळकत राहिले. अशा करारजन्य श्रेयामुळे मरणोत्तर श्रेय म्हणजे निव्वळ उपचार, असा समज होतो. ॲशमन यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

'अलादीन'शी तुलना केल्यास हे अधिक उमगते. अलादीनच्या कथेवर संगीतमय चित्रपट करण्याचा प्रस्ताव मुळात ॲशमन यांचाच होता आणि त्यांनी त्याचा आराखडाही लिहिला होता. पुढे कथा मोठ्या प्रमाणात बदलली, त्यांची तीन गीते राहिली व उरलेली गीते टिम राइस यांनी लिहिली. १९९२ साली आलेल्या या चित्रपटात ॲशमन यांना गीतकार म्हणून श्रेय आहे, निर्माता म्हणून नाही.

'ब्यूटी अँड द बीस्ट' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला ॲनिमेशनपट ठरला. हे नामांकन डॉन हान यांच्या नावे होते, कारण कार्यकारी निर्माते त्या पुरस्काराचे मानकरी धरले जात नाहीत. ॲशमन यांना ऑस्कर मिळाले ते चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी. मार्च १९९२ मधील सोहळ्यात त्यांच्या वतीने ते त्यांच्या सहचराने स्वीकारले. चित्रपटाच्या अखेरीस त्यांना उद्देशून अर्पणपत्रिका आहे. २००१ साली त्यांना 'डिस्ने लेजंड' हा सन्मान देण्यात आला. डॉन हान यांनी त्यांच्या जीवनावर 'हॉवर्ड' (२०१८) हा माहितीपट दिग्दर्शित केला आहे.