विनोबांची घरची शाळा



दिंडी चालताना मुक्कामावर आया-बाया बोलत बसतात. त्यात एक बोल दरवर्षी कानावर येतो, की आम्ही अडाणी, आम्ही पोरांना काय शिकवणार, जे काय शिकायचं ते शाळेत मास्तर शिकवतील. हे ऐकलं की एका घराची आठवण होते. त्या घरातल्या आईला धड वाचता येत नव्हतं. पण तिच्याच पोरानं गीता आपल्या मायबोलीत आणली आणि त्या पुस्तकाला आईचं नाव दिलं. दिंडीच्या शंभराव्या वर्षी त्या पोराचं, म्हणजे आचार्य विनोबा भावे यांचं चरित्र इथे सांगायचं आहे. त्यांनी जमिनी मागत देश पायी पालथा घातला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची घरची शाळा मात्र फारशी कुणी सांगत नाही.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला असत. कपड्याच्या रंगांचे प्रयोग करणारा, नेमाचा, हिशेबी माणूस. आई रुक्मिणीबाई आणि मुलं गागोद्याला आजोबांपाशी. आजोबा शंभूराव मोठे व्रतस्थ. त्यांचं चांद्रायण व्रत असे. चंद्र उगवला की पूजा, मग जेवण. चंद्र काही रोज एका वेळेला उगवत नाही. कधी मध्यरात्र उलटून जाई. अशा वेळी आजोबा झोपलेल्या विन्याला उठवून पूजेला बसवत आणि हातावर प्रसाद ठेवत. डोळ्यांवर झोप, समोर नुकता वर आलेला चंद्र आणि तोंडात प्रसाद. देव ही काहीतरी गोड गोष्ट आहे हे त्या पोराला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

गणपतीच्या दिवसांत आजोबा बाजारची मूर्ती आणत नसत. घरातल्या पोरांना चंदन उगाळायला बसवत आणि त्या गंधाचाच गणपती घडवत. पोरांच्या हाताला वास राही, मूर्तीत त्यांची मेहनत असे. त्याची पूजा व्हायची, आरती व्हायची आणि शेवटी विसर्जनही व्हायचं. एवढ्या कष्टानं केलेला देव पाण्यात सोडताना पोरांचा जीव कासावीस होणारच. पण आपल्या हातानं घडवायचं, मनापासून पूजायचं आणि वेळ आली की सोडून द्यायचं, हा धडा तिथे मिळाला. तो पुढे जन्मभर पुरला.

आता आईची शाळा. तिचा पहिला नेम असा, की तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला जेवायला वाढायचं नाही. स्वतः ती घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकून देवापुढे बसे. दिवसभराच्या चुकांची क्षमा मागताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई. पोरगा ते पाहत असे. भक्ती म्हणजे काय यावर त्या माउलीनं कधी प्रवचन केलं नाही. काम करता करता तिच्या तोंडी अभंग असत, कानडी भजनंही असत, ती घरभर ऐकू येत.

झाडाचा फणस उतरवला की आई गरे काढी आणि आधी शेजारच्या घरोघरी वाटून यायला मुलांना पाठवी. घरातल्यांचा वाटा त्यानंतर. तोंडाला पाणी सुटलेलं असताना दुसऱ्याच्या दारात गरे नेऊन द्यायचे, हे लहान पोराला सोपं नाही. पण देणारा तो देव आणि स्वतःपाशी राखून ठेवणारा तो राक्षस, अशी तिची साधी शिकवण होती. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, पहिलं दान मिळालं आणि त्यानंतर ते तेरा वर्षं पायी हिंडले. त्या भूदानाचं मूळ शोधायचं तर गागोद्याच्या फणसापर्यंत जावं लागतं.

लहानपणी विन्याला भुताची भीती वाटे. एकदा रात्री भिंतीवर मोठी सावली दिसली आणि तो घाबरून आईकडे धावला. आईनं त्याला रागावलं नाही, हसण्यावारीही नेलं नाही. तू बस, म्हणजे ती बसेल. तू उभा राहा, म्हणजे ती उभी राहील. ती तुझी चाकर आहे, चाकराला काय भ्यायचं, असं तिनं समजावलं. पोरानं करून पाहिलं आणि भीती पळाली. भित्र्या पोराला देवाच्या नावानं आणखी भिववणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. या आईनं पोराची श्रद्धा वाढवली, पण भीतीवर नाही.

पुढे सगळे बडोद्याला गेले. शाळेच्या वर्गाबरोबर वडिलांची शिकवणीही चाले. गणित हा विन्याचा जीव की प्राण. वडिलांच्या सांगण्यावरून हायस्कुलात त्यानं संस्कृत सोडून फ्रेंच घेतली. संस्कृत नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकला. एका दिवाळीला वडील बडोद्याहून गावी आले तेव्हा खाऊ येणार म्हणून विन्या वाट पाहत होता. पुडकं उघडलं तर आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तकं! पोराचं तोंड पडलं, पण याहून चांगला खाऊ कुठला असेल, असं आईनं समजावलं. ती पुस्तकं पुढे त्याच्या सोबतीची झाली.

हे घर म्हणजे नुसतं लोणी-साखर होतं असं समजू नये. वडील रागीट होते आणि विन्याला मार बसे. सोळावं लागलं तशी मग वडिलांनी एके दिवशी मारणं बंद केलं, कारण सोळा वर्षांच्या मुलाला मित्रासारखं वागवावं असं शास्त्रवचन ते मानत. माराचं कौतुक विनोबांनी कधी केलं नाही. त्यांच्या आठवणीत राहिला तो वडिलांचा नेम आणि आईची माया.

या घरात पोराला प्रश्न विचारायची, मत मांडायची मोकळीक होती. आईनं एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. ती एक एक दाणा मोजून वाही. वडिलांनी तोड काढली की एका तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावं, मग वजनानं हिशेब करून वर थोडे जास्त टाकावेत, वेळ वाचेल. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिनं विन्याला विचारलं. तो गणितवेडा पोरगा म्हणाला की हा हिशेबाचा मामला नाही. एक एक दाणा मोजताना एक एकदा देवाची आठवण होते, म्हणून मोजायचं. आईचं समाधान झालं. माउली, इथे कोण कुणाला शिकवत होतं? आई पोराला विचारते आणि पोराचं ऐकते, असं किती घरांत होतं?

पोरगा कविताही करी. घरात मोठ्यानं म्हणत, घोळवत, दोन-दोन तीन-तीन दिवस एका कवितेवर घालवी. ती मनासारखी झाली की अग्नीला अर्पण करून टाकी. आईनं ते पाहिलं, पण त्याच्या लिहिण्याच्या आड ती आली नाही. पुढे काशीला गेल्यावर केलेल्या कविता त्यानं गंगेत सोडल्या. चंदनाच्या गणपतीचा धडा तो असा गिरवत होता. शाळेचे दाखले चुलीत घातले तेव्हा मात्र आई कळवळली, कधी तरी उपयोगी पडतील म्हणाली. त्याला नोकरी करायचीच नव्हती. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला विनायक सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथून ७ जून १९१६ रोजी तो गांधीजींच्या आश्रमात पोचला.

पण त्याआधी बडोद्यात एक गोष्ट घडली होती. आईला अक्षर येत नव्हतं, तेव्हा विन्यानं तिला वाचायला शिकवलं. ती अक्षर अक्षर जुळवत एकेक अभंग वाची. गीतेवरची प्रवचनंही ऐकायला जाई, पण संस्कृत कळेना. तिनं मराठी गीता मागितली. विन्यानं आधी गद्य आणून दिलं; तिला पद्य हवं होतं. मग वामन पंडितांची समश्लोकी आणली, तर तीही तिला जड गेली. याहून सोपं पुस्तक नाही असं विन्यानं सांगितलं तेव्हा आई सहज बोलून गेली, की मग तूच का नाही करत, तुला ते जमेल. वीस वर्षांच्या पोरावर आईनं टाकलेला हा भरवसा होता.

पण आईच्या हयातीत ते झालं नाही. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. विनोबा आश्रमातून घरी आले होते. अंत्यविधी भटजींच्या हातून नको, आपण स्वतः करू, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. तेव्हा ते स्मशानात न जाता घरी वेद वाचत बसले. ज्या आईसाठी गीता सोपी करायची ती आईच राहिली नव्हती. उसनं तेवढं शिल्लक राहिलं.

बारा वर्षांनी ते फिटलं. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्याला त्यांनी लिहायला घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीता मराठी पद्यात पुरी केली. ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवून पाहिली, आणि जिथे ती अडखळली तिथले शब्द बदलले. नाव ठेवलं गीताई. आपल्या कविता अग्नीला आणि गंगेला देणाऱ्या माणसानं ही मात्र ठेवली. ती आपली नव्हे, आईची आहे असंच त्यांना वाटलं असेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली, आणि आज गीता प्रवचने म्हणून ती घरोघरी वाचली जातात.

आपल्या संतांना विनोबा आईच्या तोंडून ओळखत होते. पुढे ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकोबा यांच्या अभंगांच्या निवडी त्यांनी काढल्या. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानं पंढरीचं मंदिर दलित बांधवांना खुलं झालं होतं. १९५८ साली विनोबा पंढरपूरला आले आणि परधर्मातल्या सोबत्यांना बरोबर घेऊन विठ्ठलाच्या पायांशी गेले. गरे आधी शेजारी वाटायची सवय ही अशी देवाच्या दारापर्यंत आली.

विनोबांचे दोन भाऊ, बाळकोबा आणि शिवाजी, हेही आजन्म ब्रह्मचारी राहून सेवेत झिजले. एका घरातून असे तिघं निघाले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी देह ठेवला.

माउली, आपल्या घरी तुळस आहे, हरिपाठ आहे, ओटीवर शेजार आहे. पोराकडून तुळशीला पाणी घालून घ्या. त्याला गंध उगाळायला बसवा, मातीचा विठोबा करू द्या, वाकडा झाला तरी तोच पुजा. वेडेवाकडे का होईना, त्याचे शब्द त्याला जुळवू द्या. त्यानं प्रश्न विचारला तर दटावू नका. येत नसेल तर त्यालाच विचारा. शाळेत तर घालाच. पण आपल्याला वाचता येत नाही म्हणून हात झटकू नका. येत नसेल तर पोराकडूनच शिका. त्या माउलीनं तसंच केलं, आणि त्यातून गीताई झाली.

रामकृष्णहरी.